पुठ्ठ्याचं मखर

२०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारात पुठ्ठ्याची मखरं जास्त दिसू लागली. आमच्या गटानंही हेच काम धरलं. गोल कागदाच्या तीन घड्या घातल्या की कात्रीच्या एका कापात आठ पाकळ्या. मेक्सिकोत तर पातळ रंगीत कागदांची चळत रचून छिन्नी-हातोडीनं नक्षी पाडतात, आणि मृतांच्या सणाला घरच्या वेदीवर त्याच्या पताका लावतात. म्हणजे आपलीच भावंडं!

गिऱ्हाईक थर्मोकोलचा जुना भाव सांगतं. सांगू दे. मखर घडीचं असतं, पुढच्या वर्षी माळ्यावरून पुन्हा निघतं, हे त्याला उघडून दाखवा. आणि हिशेबाच्या वहीत आधी कापणारीची मजुरी लिहा. पुठ्ठा, खळ त्याखाली.