एकाच गिऱ्हाइकावर चालणारा माग

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला गेला तो "घरगुती कारीगरी आणि आजचा बाजार" असा. विषय मोठा आहे. पण गेल्या महिन्यात एक आई आपल्या दोन मुलींसह मला भेटावयास आल्या, आणि त्यांनी माझे काम सोपे केले. तेव्हा आज मी त्यांच्या प्रश्नाविषयीच बोलणार आहे.

या बाई कामठीच्या. क्रोशाचे काम करतात : तोरणे, टेबलावरचे रुमाल, आणि अलीकडे अस्तर लावलेल्या पर्सेस. तीन वर्षांपासून त्यांचा जवळजवळ सगळा माल इंटरनेटवरील एका घाऊक बाजाराने उचलला. परगावचे दुकानदार तिथे मागणी नोंदवीत, बाई माल बांधून पाठवीत, पैसे बँकेत जमा होत. एके दिवशी त्या कंपनीने इंग्रजीत ई-मेल पाठविली की, तीस दिवसांनी हा बाजार बंद होत आहे. ती मेल गेली भाच्याने काढून दिलेल्या खात्यावर. थोरल्या मुलीने ती उघडली तेव्हा अकरा दिवस उलटून गेले होते. घरात १४० पर्सेस तयार पडलेल्या, आणि धाकटीची चौदा हजारांची फी भरावयाची राहिलेली. बाईंनी मला विचारले, "भाईसाहेब, यंदा हिला घरी बसवू काय?"

हा प्रश्न ऐकून मला माझे लहानपण आठवले. आमच्या घरी माग होता. नागपूर आणि कामठीच्या मोमीन विणकरांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून इकडे आले, मोमिनपुऱ्यात वसले आणि इथल्या कोष्टी विणकरांच्या बरोबरीने त्यांनी या शहराला कापड पुरविले. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तिच्या जोडीला पुढे इतरही गिरण्या आल्या, तरी माग थांबले नाहीत. थांबले ते नंतर, आणि त्याचे कारण आजच्या विषयाशी फार जवळचे आहे.

१९७१ साली महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आले. १९७६ साली केंद्र सरकारने जनता कापड योजना सुरू केली. गरिबांना स्वस्त धोतर आणि साडी मिळावी, विणकराला बारमाही काम मिळावे, असा दुहेरी हेतू. सूत महामंडळाचे, नमुना महामंडळाचा, भाव ठरलेला, माल उचलण्याची हमी. विणकराने फक्त विणावयाचे. त्या काळी यात कुणाला खोट दिसली नाही, आणि मी आजही तिला वाईट योजना म्हणणार नाही. अनेक घरांची चूल तिने पेटती ठेवली. पण वर्षानुवर्षे तोच जाडाभरडा साधा माल विणता विणता किनारीचे काम हातातून गेले. गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे जाण्याची वाट मोडली. आपली साडी कोण नेसते, हे विणणाऱ्याला ठाऊक नव्हते. १९९० नंतरच्या दशकात ही योजना टप्प्याटप्प्याने गुंडाळली गेली, तेव्हा कित्येक विणकरांजवळ हात होते, माग होता, पण गिऱ्हाईक एकही नव्हते. आमचा माग त्याच काळात निघाला. वडिलांनी तो भंगाराच्या भावाने दिला. ज्यांनी टसरचे, करवत काठीचे काम हातचे सोडले नव्हते, त्यांना निदान दार ठोठावण्यास दुसरी दुकाने होती.

आता म्हणाल, तो सरकारी कारभार, आणि हा कॉम्प्युटरचा जमाना. फरक आहेच. पण गोष्ट तीच. 'एत्सी' नावाच्या अमेरिकन कंपनीने हातकामाच्या वस्तू दुकानदारांना घाऊक विकण्यासाठी २०१४ साली वेगळा विभाग उघडला आणि २०१८ च्या जुलैअखेर बंद केला. कंपनी बुडाली नव्हती, फक्त तिचे धोरण बदलले. आपल्या देशात 'अ‍ॅमेझॉन'ने किराणा दुकानदारांना माल पुरविणारा आपला घाऊक व्यवसाय बंद करण्याचे २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. २०२० च्या जूनअखेर 'टिकटॉक'वर बंदी आली, तेव्हा तिथे आपल्या वस्तू दाखवून गिऱ्हाईक जोडणाऱ्यांचा बाजार एका रात्रीत उठला. यातल्या कुठल्याही निर्णयात विकणाऱ्याला कुणी विचारले नाही, आणि विचारतीलच कशाला? दुकान त्यांचे. आपण तिथे ओट्यावर बसलेले.

तर त्या बाईंना मी काय सांगितले, ते तुम्हांलाही सांगतो.

पहिली गोष्ट, उरलेल्या एकोणीस दिवसांत त्या खात्यातले सर्व काही उतरवून घ्या. कोणती वस्तू, किती नग, कोणत्या महिन्यात, किती भावाने गेली, कुठला रंग परत आला. वस्तूंचे फोटो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, येणे बाकी रक्कम. बाजार बंद झाला की हे दप्तरही बंद होते, मग रडून उपयोग नाही. थोरल्या मुलीने दोन रात्री बसून हे सगळे एका दोनशे पानी वहीत उतरविले. तिला कॉमर्स का शिकवता, असे नातेवाईक विचारीत असत म्हणे. त्यांना ही वही दाखवावी.

दुसरे, दुकानदारांचे पत्ते. कंपनी ते उघड करीत नसे, पण पार्सल पाठविल्याच्या पावत्या बाईंनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. तेवीस पावत्या निघाल्या, नऊ वेगवेगळी दुकाने. इथे एक इशारा देतो. अशा बाजारात खाते उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो, त्यांत बहुधा "आमच्या गिऱ्हाइकाशी परस्पर व्यवहार करू नये" असे कलम असते. शब्द दिला तो पाळला पाहिजे. म्हणून आधी कंपनीलाच लिहून विचारले की, बंद झाल्यावर आम्ही दुकानदारांना पत्र लिहू शकतो काय? "हरकत नाही" असे उत्तर आले, आणि मगच पत्रे गेली.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथे मला जरा रागावून बोलावे लागले. एका पर्सला सूत सत्तर रुपयांचे, अस्तर आणि चेन पस्तीस, वेष्टन पंधरा. झाले एकशे वीस. विकत होत्या ३२० रुपयांना, त्यातून कंपनीचे शेकडा पंधरा, म्हणजे ४८ जात. हाती २७२. सामान वजा जाता उरले १५२. आणि एक पर्स करावयास लागतात पाच तास. म्हणजे तासाला तीस रुपये! बाई म्हणाल्या, "घरच्या कामाचे तास कोण मोजतो?" आपल्या घरांतून हे वाक्य मी हजार वेळा ऐकले आहे. बायकांच्या हाताचे तास कुणी मोजत नाही, म्हणूनच घाऊक व्यापारी ते फुकटात नेतो. मी म्हटले, मोजा. दुकानदाराला थेट द्याल तर भाव ३८० सांगा आणि निम्मे पैसे आगाऊ मागा. एका खेपेस किमान दहा नग आणि परत घेण्याची मुदत, हे पत्रातच लिहा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. उद्यम नोंदणी २०२० च्या जुलैपासून आहे आणि ती विनामूल्य आहे. कुणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याज मागता येते, आणि तक्रार सरकारी संकेतस्थळावर करता येते. एखादा बाजार बंद होताना आपले पैसे अडकले तर हे ध्यानात असू द्या. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ठरीव मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात इंटरनेटवरून माल विकण्यासाठी जीएसटी नोंदणी सक्तीची राहिलेली नाही. वस्त्रोद्योग मंत्रालयाने विणकर-कारीगरांसाठी 'इंडिया हॅण्डमेड' हे विक्रीस्थळही २०२३ सालीच उघडले. तिथे जरूर जा. पण तिथे एकट्याच जागी पुन्हा सगळा संसार थाटू नका, एवढेच माझे सांगणे. कुणाही एका गिऱ्हाइकाकडे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माल जाऊ लागला की मला वडिलांचा माग आठवतो.

आणि हो, ई-मेल खाते स्वतःच्या नावाचे असावे. भाच्याच्या नव्हे. पालकांनो, घरात एक तरी मूल इंग्रजी पत्र वाचून त्याचा अर्थ सांगू शकेल, त्याला उत्तर लिहू शकेल, इतके शिकवा. त्या घरातले अकरा दिवस केवळ वाचणारे कुणी पाहत नव्हते म्हणून गेले.

नऊ पत्रांपैकी चार उत्तरे आली. दोन दुकानांनी माल घेतला, एका पुण्याच्या आणि एका बंगळूरच्या, मिळून साठ नग. पुण्याच्या दुकानदाराने भाव पाडून मागितला, तेव्हा थोरलीने त्याला तासांचा हिशेब लिहून पाठविला. त्याने ३६० ला मान्य केले. चाळीस नग इतवारीतल्या एका दुकानात ठेवले आहेत, खपतील तसे पैसे. हा व्यवहार मला फारसा पसंत नाही, पण घरात धूळ खाण्यापेक्षा बरा. चाळीस अजून पेटीत आहेत.

धाकटीच्या फीचा पहिला हप्ता भरला गेला आहे. दुसरा डिसेंबरात आहे. ती आज इथे मागच्या रांगेत बसली आहे, तिचे नाव मी घेणार नाही. पण सभा संपल्यावर ज्या आया-बहिणींना ती वही कशी मांडली ते पाहावयाचे असेल, त्यांनी तिला भेटावे. वही तिने सोबत आणली आहे.