पाणबुड्याची पूर्वतयारी

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आणि पेठापेठांतील तालमी यांमुळे शरीरसामर्थ्याची येथे कधी वाण पडली नाही. रंकाळा व पंचगंगा यांच्या सान्निध्याने पोहण्याचा छंदही जुनाच. साहजिकच घाट उतरून मालवण-तारकर्लीस जाणारा व पाठीवर हवेची टाकी बांधून सागरतळ पाहू इच्छिणारा कोल्हापूरचा तरुण मोठ्या आत्मविश्वासाने पाण्यात उतरतो. समुद्रास मात्र दंडाच्या घेराचे कौतुक नाही.

जोर लावताना दम कोंडण्याची सवय पाण्याखाली घातक ठरते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर छातीतील हवा दुप्पट जागा मागू लागते आणि फुफ्फुसास इजा होते. १९४३ साली कुस्तो व गान्यां या फ्रेंच जोडीने आधुनिक श्वसनयंत्र सिद्ध केले. त्या यंत्राचा पहिला नियम हाच, की श्वास कदापि रोखू नये.

दुसरे संकट नत्रवायूचे. दाबाखाली तो रक्तात व स्नायूंत विरघळतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तसे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटास नऊ मीटरांहून अधिक वेगाने वर येऊ नये व पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे. कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्यांचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, आणि वाटेवरचा घाटमाथा त्याहूनही उंच. उंचीवर हवेचा दाब घटतो. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ व अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असा संकेत आहे. एखाद्या उथळ बुडीनंतर घाटाचे भय अल्प. परंतु खोल किंवा वारंवार बुड्या मारल्या असतील, तर ती रात्र किनाऱ्यावरच काढणे शहाणपणाचे.

शरीराची परीक्षा घरीच व्हावी. दोनशे मीटर न थांबता पोहणे व दहा मिनिटे तरंगत राहणे, ही शिकाऊ पाणबुड्याची किमान कसोटी होय. हृद्रोग, दमा, अपस्मार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून जाऊ नये. साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकलावा, कारण कानातील दाब समतोल राखता येत नाही.

नावेत पाय ठेवण्यापूर्वी प्राणवायूची नळी आहे काय, ती कोणास वापरता येते, आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारण्यात संकोच कसला? बुडीनंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे, भोवळ किंवा अशक्तपणा जाणवल्यास रुग्णास आडवे निजवावे, प्राणवायू द्यावा व १०८ क्रमांकावर वर्दी द्यावी. त्यास पुन्हा पाण्यात उतरवू नये. बुडालेल्याचा श्वास थांबला असेल, तर त्यास उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबण्यास आरंभ करावा.

तालमीतील वस्ताद नवशिक्यास प्रथम पडावे कसे, हे शिकवितो. सागरात उतरणाऱ्यानेही प्रथम सुखरूप वर यावे कसे, हे शिकावे. तळाची शोभा मग निर्धास्तपणे पाहता येईल.