हातचा हातात असावा
(सिहोरा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. तेव्हा तेथील गोष्ट सांगणेच आम्हांस शोभेल.

सत्तावीस आणि पंधरा यांची बेरीज करताना मूल म्हणते, "सात आणि पाच बारा, बारास दोन, हातचा एक." परंतु त्याच्या हातात काहीच नसते! त्याला सत्तावीस काड्या द्या; दहा-दहांच्या दोन जुड्या व सात सुट्या. त्यांत एक जुडी व पाच सुट्या मिळवा. सुट्या बारा झाल्या की त्यांतील दहांची जुडी ते स्वतः सुतळीने बांधते. ती जुडी म्हणजेच हातचा. हे एकदा हातांना कळले की पुढे विसरत नाही.

हा विचार परका नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यास महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती अभ्यासक्रम गुंफला. पुढे पुष्कळ शाळांत टकळी तेवढी राहिली. तिच्याशी जोडावयाचे गणित आणि विज्ञान मात्र सुटले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर शंख-शिंपले, पाने, खडे हेच शिक्षणाचे साहित्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातही कृती व शोध यांतून शिकवावे, असे कलम आहे.

आपल्या भागात अशा साहित्याची वाण नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी घरच्या बियाण्यातील धानाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे. काही दिवसांनी कोंब मोजावे. ऐंशी उगवले तर ऐंशी टक्के. प्रमाणित बियाण्यास निदान एवढे लागतात. त्याहून कमी भरले, तर वडील पेरणीपूर्वीच सावध होतात. टक्केवारी शिकलेले पोर घरच्या हंगामास उपयोगी पडले, याहून मोठे प्रगतिपुस्तक कोणते?

दुसरे उदाहरण आपल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीचे. तो काळा दगड आणि तेवढ्याच वजनाचा नदीतला गोटा घ्यावा. काठोकाठ भरलेल्या लोट्यात एकेक बुडवून सांडलेले पाणी मापावे. वजन सारखे असून काळ्या दगडाने पाणी कमी सांडले, हे पाहून मूल आपण होऊन विचारते, "असे का?" तो प्रश्न निघाला की गुरुजींचे अर्धे काम झाले.

येथे काही पालक विचारतात, "चिंचोके आणि दगड खेळण्यासाठी शाळेत पाठवावे काय? ही कामे घरी होतच नाहीत का?" आणि मुलास भरल्या वह्यांच्या शाळेत, ऋण काढून, घालतात. बंधूंनो, घरी हात चालतो पण 'का' कोणी विचारत नाही. शाळेत 'का' विचारतात पण हात रिकामा असतो. दोघांची गाठ घालणे, हीच कृती. बाजारातून थर्माकोलचा देखावा विकत आणून मुलाचे नाव त्यावर लिहिणे, ही कृती नव्हे. आणि एक स्पष्ट सांगावेसे वाटते. आपला समाज शेतीवर उभा राहिला. आज शिकलेली मुले मातीला हात लावण्यास लाजत असतील, तर ती लाज आपणच त्यांच्या दप्तरात घातली आहे.

म्हणून मंडळास आमच्या तीन विनंत्या आहेत. सत्काराच्या खर्चातून थोडी रक्कम काढून गावोगावच्या शाळांस काड्या, तराजू, मापे, भिंगे यांची एकेक पेटी द्यावी. आपल्यातील सुतार, गवंडी, शेतकरी यांनी वर्षातून एक तास वर्गात जाऊन आपले काम दाखवावे. आणि सायंकाळी मुलास "किती गुण पडले?" असे विचारण्याआधी "आज काय करून पाहिलेस?" असे प्रत्येक माता-पित्याने विचारावे. यांतील तिसऱ्या विनंतीस तर एक पैसाही लागत नाही.