दहा मिनिटांवरचं कॉलेज आणि न उघडलेले मेल

मी मूळची सांगलीची. गेली बरीच वर्षं चेन्नईच्या दक्षिणेला, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. आज मी कोडिंगबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते आमच्या घरात एक अख्खं वर्ष गाजलेल्या एका प्रश्नाबद्दल: कॉलेजला ‘तुम्ही मला आवडता’ हे सांगावं लागतं का?

माझी मुलगी गणितवेडी. बारावीत असताना तिने दोन दिशांना अर्ज केले. एक, अमेरिकेतली काही छोटी कॉलेजं. दुसरी, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय.

आधी अमेरिकेचं सांगते. एका कॉलेजबद्दल आम्ही निर्धास्त होतो. तिचे गुण तिथल्या सरासरीपेक्षा बरेच वर होते. निकाल आला: वेटलिस्ट. ती यादी पुढे कधी हललीच नाही. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. मला वाटत राहिलं, आपण कुठे कमी पडलो?

मग मी तिचा इनबॉक्स उघडला. त्या कॉलेजचे कितीतरी मेल न उघडता पडलेले. ऑनलाइन माहितीसत्राचं आमंत्रण होतं, ती गेली नव्हती. ‘आमचंच कॉलेज का?’ हा निबंध ऐच्छिक होता, तो तिने सोडून दिला होता. मीच म्हणाले होते, ‘ऐच्छिक आहे ना, मग अभ्यास कर.’ नकार याच कारणाने आला असं मी म्हणणार नाही. कारण कुणी कळवत नाही. पण त्या दिवशी मी ‘डेमॉन्स्ट्रेटेड इंटरेस्ट’ हा शब्द पहिल्यांदा शोधला.

आपण वाढलो ते मेरिट लिस्ट बघत. कॅप राउंडला पसंतीक्रम भरायचा, गुणांप्रमाणे जागा मिळायची. आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५पासून ‘जोसा’मार्फत एकत्र वाटल्या जातात, तिथेही तेच. एखादी संस्था पहिल्या क्रमांकावर लिहिली म्हणून तुमची रँक सुधारत नाही, दहाव्या क्रमांकावर लिहिली म्हणून घसरत नाही. त्यामुळे कॉलेज आपली ओढ मोजत असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

अमेरिकेतली काही कॉलेजं ती मोजतात. का? समजा, वर्गात पाचशे जागा आहेत. प्रवेश देऊ केलेल्यांपैकी किती जण खरोखर येतील, याचा अंदाज बांधावा लागतो. या प्रमाणाला ते ‘यील्ड’ म्हणतात. अंदाज चुकला तर वर्ग रिकामे राहतात, नाहीतर वसतिगृहं ओसंडून वाहतात. म्हणून ‘हा विद्यार्थी बोलावलं तर येईल का?’ हा त्यांचा व्यवहाराचा प्रश्न असतो. तुमचे गुण त्यांच्या सरासरीपेक्षा खूप वर असतील, तर ही शंका उलट वाढते: हा आपल्याकडे कशाला येईल?

पण सगळीकडे असं नाही, आणि हे कळायला सोपी जागा आहे. तिथली बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यात सी-७ हा तक्ता बघा. ‘अर्जदाराची ओढ’ अशा अर्थाची एक ओळ असते. तिच्यापुढे अत्यंत महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो किंवा विचारात घेत नाही, यांपैकी एका ठिकाणी खूण असते. एमआयटी, स्टॅनफर्ड ही ओढ विचारात घेत नाहीत. तिथे वीस मेल पाठवून उपयोग शून्य.

जिथे घेतात, तिथे काय करायचं? मेल उघडा. एखाद्या ऑनलाइन सत्राला बसा. प्रतिनिधी मुंबई-चेन्नईला आले तर भेटा. आणि ऐच्छिक निबंध ऐच्छिक समजू नका. त्यात ‘तुमचं कॉलेज जगप्रसिद्ध आहे’ असं लिहू नका. तिथला कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा, आणि त्याचा तुमच्याशी काय संबंध, ते लिहा. विमानाने जाऊन कॅम्पस बघून यायची गरज नाही.

एक इशारा. ओढ दाखवण्याचा सगळ्यात जोरदार मार्ग म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. प्रवेश मिळाला तर येणारच, असं वचन. पण ज्यांना आर्थिक मदत लागणार आहे, त्यांनी सही करण्याआधी दहादा विचार करावा. एकाच कॉलेजला शब्द दिला की दुसऱ्या कॉलेजांच्या मदतीशी तुलना करता येत नाही. पुरेशी मदत न मिळाल्यास सुटका होऊ शकते, पण तोवर पुष्कळ दारं बंद झालेली असतात.

आता दहा मिनिटांवरचं कॉलेज. सीएमआय १९८९ साली गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी सुरू केली. २००५मध्ये ती सिरुसेरीला आली. निवडणुकांच्या अंदाजांमुळे आपल्याला टीव्हीवर दिसणारे राजीव करंदीकर अनेक वर्षं तिचे संचालक होते. अमेरिकेचा धडा ताजा होता, म्हणून मी मुलीला म्हटलं, ‘तिथल्या प्राध्यापकांना मेल कर. सांग, लहानपणापासून तुमच्या फाटकावरून सायकल चालवतेय.’

ती हसली. ‘आई, ते मेल नाही मागत, प्रूफ मागतात.’

खरंच होतं. तिथल्या बीएस्सीच्या प्रवेशपरीक्षेत नुसतं उत्तर पुरत नाही. दुसऱ्या भागात युक्तिवाद पायरीपायरीने लिहावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलगी त्या घेऊन बसायची. एका गणितावर दोन-दोन संध्याकाळी. कुणी बघत नव्हतं, कुणी नोंद ठेवत नव्हतं. तरीही ओढ म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. फक्त ती कॉलेजबद्दल नव्हती, विषयाबद्दल होती.

तिला तिथे प्रवेश मिळाला. घर दहा मिनिटांवर असून ती वसतिगृहात राहते, ही माझी नवी तक्रार.

म्हणून पालकांना एवढंच सांगते. कॉलेजला दाखवायची ओढ ही एक रीत आहे. जिथे ती पाळतात तिथे पाळा, अर्ध्या तासाचं काम आहे. पण रात्री अकरा वाजता मूल कशासाठी जागं आहे, तेही बघून ठेवा. ते कुठल्या तक्त्यात येत नाही, आणि पुढची चार वर्षं तेच कामाला येतं.