मुक्या प्राण्यांची साक्ष



सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया हा कापडबाजारांनी गजबजलेला भाग आहे. या भागात आणि शेजारच्या लिंबायत, उधना येथे खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. अशा श्रमिक वस्तीत एखाद्या घरी पाळणा हलला नाही, की दोष सुनेच्या माथी येतो. नवससायास होतात, गंडेदोरे होतात. मुलाची तपासणी करावी, असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. या समजुतीविरुद्ध प्रयोगशाळेतील मुक्या प्राण्यांनी मोलाची साक्ष दिली आहे.

१९५७ साली चेकोस्लोव्हाकियातील शास्त्रज्ञ पार्झिझेक यांनी आपला प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केला. पांढऱ्या उंदरांना कॅडमियम धातूच्या क्षाराची एकच सुई टोचली असता त्यांच्या वृषणांत रक्तस्राव होऊन तेथील पेशीजाल नष्ट झाले. त्याच वेळी पुरेशा प्रमाणात जस्ताचा क्षार दिलेल्या उंदरांत मात्र ही हानी टळली. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील कंबोज व कर यांनी विविध धातूंच्या क्षारांचा वृषणांवरील परिणाम तपासून १९६४ साली प्रसिद्ध केला. २००१ साली अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातील संशोधकांनी नर उंदरांना पाऱ्याचा क्षार पोटातून दिला, तेव्हा शुक्रजंतूंची संख्या व चपळाई घटली आणि प्रजननशक्ती उणावली. सोबत ई जीवनसत्त्व दिले असता ही हानी कमी झाली.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे खरे. सुईने एकदम टोचलेली मात्रा आणि श्वासावाटे वर्षानुवर्षे कणाकणाने शरीरात जाणारी धातूची धूळ यांतही अंतर आहे. म्हणून या प्रयोगांवरून स्वतःच जस्ताच्या वा जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे योग्य नव्हे. परंतु इशारा पोकळ नाही. रुमानियात शिशाशी नित्य संबंध येणाऱ्या कामगारांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यातही शुक्रजंतूंचे दोष आढळले.

मनुष्यशरीरात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आजच्या संसर्गाचा परिणाम उद्याच दिसेल असे नाही, आणि संसर्ग थांबल्यावर सुधारणाही सावकाशच होते. बॅटरी दुरुस्ती, मुलामा, झाळकाम करणाऱ्यांनी जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, तोंडावर योग्य आवरण ठेवावे. शिसे गर्भवतीच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचते, हेही विसरू नये. तंबाखूचे रोप जमिनीतील कॅडमियम शोषून घेते. तेव्हा विडीचा प्रत्येक झुरका हा विषाचा आणखी एक कण होय. मालकांनीही धूर व धूळ बाहेर काढणारी व्यवस्था करणे हे आपले कर्तव्य मानावे. कारण सारा भार कामगाराच्या सावधगिरीवर टाकणे न्याय्य नाही.

या ज्ञानासाठी असंख्य मुक्या जीवांना प्राण द्यावे लागले. ते व्यर्थ जाऊ नयेत असे वाटत असेल, तर सुनेकडे बोट दाखविण्यापूर्वी पतिपत्नी दोघांनीही एकत्र वैद्यांकडे जावे. एवढे झाले तरी कित्येक घरांतील अश्रू थांबतील.