मुंबईचा आवाज, कोलंबोमार्गे

दर बुधवारीं रात्रीं गिरगांव-दादरच्या बिऱ्हाडांतून ऐकूं येणारा तो आवाज येई कोठून? समुद्रापलीकडून, रेडिओ सिलोनवरून. पण तो होता मुंबईचाच!

१९५२ सालीं नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला. त्याच वर्षीं अमीन सयानी (१९३२–२०२४) यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईंत व्हावें, फीत कोलंबोला जावी आणि तेथून आवाज घरीं परतावा, असा हा प्रवास! पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रें आलीं.

गाणीं लोकप्रिय होतींच. पण ‘बहनो और भाइयो’ ही हांक आपलीशी वाटली, ती भाषेच्या साधेपणामुळें. गुजराती घरांतल्या, लहानपणीं इंग्रजी कार्यक्रमांत वावरलेल्या या तरुणाला सोप्या हिंदुस्तानीचा धडा घरींच मिळाला. मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठीं ‘रहबर’ पाक्षिक देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिपींत काढीत; त्या कामांत तेहि हातभार लावीत. नुकतींच अक्षरें शिकलेल्यांना जें उमगेल, तें सर्वांनाच उमगतें.

१९५७ सालीं विविधभारती सुरू होऊन चित्रपटगीतांना पुन्हां दार उघडलें. गीतमाला मात्र तेथें आली १९८९ सालीं. मुंबईच्या या कार्यक्रमाला देशांतील नभोवाणीवर यावयास सदतीस वर्षें लागलीं. श्रोत्यांच्या घरांत तो पहिल्याच बुधवारीं पोहोंचला होता.