निवडणाऱ्याने आधी घालावा



कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, म्हणजे फेटलिंग करणाऱ्या, आपल्या मालकांच्या संघटनेच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. संयोजकांनी मला ‘फेटलिंग व्यवसायाची सद्यःस्थिती’ हा विषय दिला आहे. वीज परवडत नाही, घासायच्या चाकांचे दर चढले, बिलं वेळेवर निघत नाहीत, गावी गेलेला कामगार परत येईल याची खात्री नाही. हे सगळे खरे आहे आणि त्यावर बोलणारे जाणकार पुढच्या सत्रांत आहेत. मी मात्र बेचाळीस वर्षांच्या धंद्यात मनात साठलेली एकच गोष्ट बोलणार आहे. ही खुर्ची मला पुन्हा मिळायची नाही.

“कामगार मास्क घालतच नाहीत हो.” हे वाक्य मी आपल्या प्रत्येक बैठकीत ऐकत आलो. आज सकाळच्या सत्रातही दोनदा ऐकले. वीस वर्षे मी स्वतःही तेच म्हणत होतो. आज या व्यासपीठावरून सांगतो, ते वाक्य खोटे आहे. कामगार मास्क काढतो, आणि तो का काढतो हे आपण कधी विचारलेले नाही.

आपण घासतो काय, ते आधी बघू. कास्टिंग साच्यातून निघते तेव्हा त्याच्या अंगाला भाजलेली वाळू चिकटलेली असते. कोअरच्या भोकात, रायझरच्या बुडाशी, पार्टिंग लाइनच्या कडेला ती लोखंडात रुतून बसते. शॉट ब्लास्टिंग करूनही सगळी निघत नाही. त्यावर ग्राइंडर फिरला की तिचे पीठ होते. ही वाळू म्हणजे सिलिका. ठिणग्या आपल्याला दिसतात, त्या लोखंडाच्या. वाळूचा जो कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो तो पाच मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतेक नाकात आणि घशात अडकते, आणि न दिसणारी खाली उतरते. “आमच्याकडे फार धूळ नाही” असे सांगणाऱ्या मालकाने हे ध्यानात घ्यावे.

मला ग्राइंडर धरायला ज्यांनी शिकवले ते मेस्त्री तोंडाला ओला रुमाल बांधायचे. माझ्याही तोंडाला त्यांनीच बांधला होता, मी सतरा वर्षांचा होतो. चाकाच्या आवाजावरून ते सांगायचे की आत हवेचा पोकळ खड्डा लागणार आहे. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना खोकला लागला. टीबी म्हणून औषधे झाली. वर्षभराने पुन्हा टीबी म्हणून औषधे झाली. जिना चढताना ते दर चार पायऱ्यांवर थांबायचे. शेवटी एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, “तुम्ही काम काय करता?” मग एक्स-रे पुन्हा उजेडात धरला गेला. सिलिकोसिस होता. तो बरा होत नाही. त्या फुप्फुसात टीबी मात्र सहज शिरतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते. मेस्त्री एक्कावन्नाव्या वर्षी गेले. ओल्या रुमालाने त्यांचे नाक थंड ठेवले, यापलीकडे काही केले नाही.

त्यानंतर मी काय केले? मास्क आणले. शंभराचे खोके, सगळ्यांत कमी दर. वाटले आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या. आठ दिवसांनी फेरी मारली तर निम्म्यांचे गळ्यात, निम्म्यांचे खिशात. मी एका पोरावर ओरडलो. त्याने ग्राइंडर बंद केला, मास्क माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “मालक, दम कोंडतोय ह्यात. तुम्ही एकदा घालून बघा की.”

मी घातला. नवा घेऊन घातला आणि त्याच्या शेजारी तासभर पंपाच्या केसिंग घासल्या. दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ धरली. कानामागच्या दोऱ्या रुतू लागल्या. आतून कापड ओले होऊन ओठाला चिकटले, श्वास ओढला की मास्कच तोंडात यायचा. तासाने तो उतरवून हात धुवायच्या जागी लावलेल्या आरशात बघितले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यांकडे गेलेल्या दोन काळ्या रेघा होत्या. हवा कापडातून आत येतच नव्हती, त्या फटींतून येत होती. चष्म्यावर वाफ का धरत होती तेही तेव्हा कळले. मी त्या पोराला दिलेला मास्क कामाचा नव्हता, आणि तो घालत नाही म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो.

सकाळी इथे जे वाद झाले त्यांवर मला हेच सांगायचे आहे. एन-९५ घ्यावा की एफएफपी-२, यावर अर्धा तास गेला. एन-९५ बारीक कण किमान ९५ टक्के अडवतो, एफएफपी-२ ९४ टक्के, एफएफपी-३ ९९ टक्के. आयएस ९४७३ या आपल्या मानकातही हेच एफएफपी वर्ग आहेत. पण हे आकडे कापडाचे आहेत, चेहऱ्याचे नाहीत. नाकापाशी बोटभर फट राहिली की ९४ आणि ९९ सारखेच. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे घ्या. नाकावरची पत्ती दोन्ही हातांनी दाबून बसवायला शिकवा. मास्क ओंजळीने झाकून जोरात श्वास सोडायला सांगा. डोळ्यांकडे वारा लागला तर बसलेला नाही. याला दहा सेकंद लागतात.

दाढीचा प्रश्न निघाला तेव्हा काही जण हसले. मला हसू आले नाही. दोन दिवसांची खुंटेसुद्धा मास्कची कड उचलून धरतात. आमच्याकडे एका कारागिराची दाढी श्रद्धेची होती. ती काढ म्हणायचा मला अधिकार नव्हता. त्याच्यासाठी मी कमरेला बॅटरी आणि पंखा, वर सैल टोपडे, असा संच घेतला. त्याला चेहऱ्याला घट्ट बसायची गरज नसते आणि पुढे काचही आपोआप येते. महाग पडला. पण सगळ्यांत जास्त नग त्यानेच काढले, कारण दर तासाला बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्यायची त्याला गरज पडत नव्हती. बाकीच्यांना रबरी अर्धा मास्क आणि बदलायचे फिल्टर दिले. वर्षाचा हिशेब केला तर शंभराच्या खोक्यांपेक्षा फार महाग नव्हता.

फेस शील्ड असताना गॉगल कशाला, असे एका तरुण मित्राने विचारले. शील्ड धुळीसाठी नसतेच, तिची खालची बाजू उघडी असते. चाक फुटले तर चेहरा वाचवायला ती हवीच. पण आमच्या एका हेल्परच्या हनुवटीखालून लोखंडाची एक बारीक कपची उडून वर गेली आणि शील्डच्या आतून आपटून डोळ्यात रुतली. लोखंड डोळ्यात राहिले की तिथे गंज धरतो. डॉक्टरांनी कण काढला, गंजाचे कडे मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवडावे लागले. तेव्हापासून आमच्याकडे शील्डच्या आत चष्मा असतोच. आणि मास्क बरोबर बसला तर चष्म्यावर वाफ धरत नाही. एकाची निवड दुसऱ्याशी जोडलेली असते. खरेदी विभाग मात्र दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतून मागवतो.

धूळ ओढणारा ब्लोअर आधी की मास्क आधी, हा वाद मी एका वाक्यात मिटवतो. ब्लोअर आधी. नीट बसलेला अर्धा मास्कसुद्धा आतली धूळ बाहेरच्या दहाव्या हिश्श्यावर आणतो, एवढेच धरून चालतात. बाहेर ढग असेल तर त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने धूळ उगमापाशीच ओढायला सांगितले आणि सिलिकोसिस कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. ब्रिटनने १९४९ मध्ये ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला बंदी घातली. सिलिकाची धूळ कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. माहिती नव्हती म्हणायला आपल्याला जागा उरलेली नाही.

आणि पाच वाजता काय होते, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. सुट्टी होते, मास्क खुंटीला जातो, आणि पोरे कंप्रेसरची नळी घेऊन एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवतात. आठ तास जपलेले पाच मिनिटांत छातीत जाते. त्या ढगात बारीक धूळही असते. मी नळीला कुलूप लावले आणि धूळ ओढणारे मशीन आणले. पोरे चार दिवस रागावली, पाचव्या दिवशी विसरली.

नगावर मजुरी देणाऱ्यांना एक विचारतो. ओला झालेला मास्क बदलायला कामगार थांबला तर त्या दोन मिनिटांचे पैसे कोण देतो? तोच देतो. मग तो थांबणार नाही. हा दोष त्याच्या स्वभावाचा नाही, आपल्या हजेरीपुस्तकाचा आहे. मावा चघळणाऱ्याला थुंकण्यासाठी मास्क काढावाच लागतो, हेही खरे. पण मावा सोडायला सांगण्याचा हक्क ज्याने आधी श्वास घेता येईल असा मास्क दिला त्यालाच आहे.

या वर्षात तीन कामे मी हाती घेऊ इच्छितो. संघटनेने चार-पाच तऱ्हांचे, दोन-तीन मापांचे मास्क एकत्र खरेदी करावेत, म्हणजे लहान शॉपलाही कामगारापुढे निवड ठेवता येईल. फेटलिंगवाल्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा, आणि डॉक्टरांकडे जाताना काय काम करतो हे लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. मेस्त्री लोकांसाठी मराठी आणि हिंदीत एक छोटी पुस्तिका काढावी. खर्च कोणी उचलायचा, समितीत कोण असेल, हे कार्यकारिणी बसून ठरवेल.

तोवर एक काम मात्र समितीवाचून होण्यासारखे आहे. उद्या सकाळी शॉपवर गेलात की कामगाराला देता त्याच खोक्यातला एक मास्क काढा. खरेदीचा माणूस, सुपरवायझर आणि तुम्ही स्वतः तो घालून तासभर ग्राइंडर धरा. मग आरशापुढे उभे राहून नाकाची बाजू बघा. तिथे काळी रेघ असेल, तर ते खोके पुन्हा मागवू नका. आणि ज्या पोरावर ओरडला असाल, त्याच्या शेजारी दोन मिनिटे उभे राहून त्याला कुठला बसतो ते विचारा. माझ्या मेस्त्रींना ते कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.